टीव्ही किती इंचांचा घ्यावा?



मागे आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक कर्जाचा अर्ज आला आणि बैठक नेहमीपेक्षा तासभर लांबली. रक्कम ४० हजार. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "टीव्ही, ५५ इंची".

आमच्या गटात शिलाई मशीनसाठी, शाळेच्या फीसाठी, दवाखान्यासाठी कर्ज दिलं जातं. टीव्हीसाठी कर्ज म्हटल्यावर दोघीतिघी लगेच बोलल्या, "हे काय गरजेचं आहे?" त्यांच्या बोलण्याला कारणही होतं. दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकीने असाच मोठा टीव्ही घेतला होता. तिसऱ्या महिन्यात मुलाच्या हातातली बॅट लागली आणि काचेला भेग गेली. फुटलेली काच वॉरंटीत बसत नाही. नवीन पॅनेलचा खर्च जवळजवळ नव्या टीव्हीएवढा सांगितला. टीव्ही भंगारात गेला आणि हप्ते पुढे सात महिने चालू राहिले.

पण अर्ज करणाऱ्या ताईंचं म्हणणंही ऐकण्यासारखं होतं. त्या घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतून पुनर्वसनाच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर राहायला गेल्या आहेत. सासूबाईंचं वय पंचाहत्तरच्या पुढे, गुडघे दुखतात. वस्तीत होत्या तेव्हा दिवसभर दारात बसायच्या. येणारा-जाणारा बोलायचा, भाजीवाला थांबायचा. आता दार बंद, लिफ्टची भीती. ताई म्हणाल्या, "माझ्या सासूचं बाहेरचं जग आता टीव्हीच आहे. आणि जुन्या टीव्हीवरची अक्षरं तिला दिसत नाहीत."

मग आम्ही ठरवलं की हो किंवा नाही म्हणण्याआधी आपण टीव्हीबद्दल नीट माहिती घ्यायची. आमच्यापैकी तिघींनी अंधेरी आणि घाटकोपरची दुकानं पालथी घातली. जे समजलं ते आज तुम्हाला सांगतो.

आधी इंचांचा हिशेब. टीव्हीचा इंच हा पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत मोजतात. रुंदी वेगळी असते. ३२ इंची पडदा साधारण ७१ सेंटीमीटर रुंद आणि ४० सेंटीमीटर उंच असतो. ४३ इंची ९५ बाय ५४. ५५ इंची १२२ बाय ६८. कडेची पट्टी धरून आणखी थोडं वाढतं. ४३ आणि ५५ यांत फरक १२ इंचांचाच वाटतो, पण पडद्याचं क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त वाढतं.

आकडे कानाला कळतात, डोळ्याला कळत नाहीत. म्हणून आम्ही वर्तमानपत्राची पानं जोडून १२२ बाय ६८ चा कागद कापला आणि ताईंच्या भिंतीवर चिकटवला. त्यांचं घर ३०० चौरस फुटांचं. कागद लावल्यावर कळलं की कपाटाचं दार पूर्ण उघडत नाही आणि देवघर खिडकीशी सरकवावं लागेल. मुलीचा चेहरा उतरला. हे दुकानात कधीच कळलं नसतं. तिथली भिंत वीस-वीस फूट लांब असते.

यानंतर अंतर मोजा. बसायच्या जागेपासून भिंतीपर्यंत टेप धरा. ताईंच्या पलंगापासून भिंत सात फुटांवर, म्हणजे ८४ इंच. आपण केबलवरच्या साध्या वाहिन्या जास्त बघत असू तर अंतराचे इंच दोनने भागायचे. ८४ भागिले दोन, ४२. म्हणजे ४३ इंची योग्य. मोबाईलच्या इंटरनेटवरचं किंवा फोर-के प्रतीचं चित्र जास्त बघत असाल तर दीडने भागून ५५ इंचांपर्यंत जाता येतं.

असं का? चित्र बारीक ठिपक्यांनी बनतं. साध्या वाहिनीच्या चित्रात सुमारे ४ लाख ठिपके असतात. फुल एचडीमध्ये सुमारे २० लाख, फोर-केमध्ये सुमारे ८३ लाख. टीव्ही ८३ लाख ठिपक्यांचा असला तरी वाहिनी ४ लाखांचंच चित्र पाठवत असेल, तर बाकीचे ठिपके टीव्ही अंदाजाने भरतो. पीठ तेवढंच ठेवून पोळी मोठी लाटली की ती पातळ होते, तसं चित्र पसरट आणि धुरकट होतं. पडदा जितका मोठा तितकं ते जास्त जाणवतं.

आता दुकानातली गोष्ट. तिथे लावलेली पानं-फुलं, मासे, बर्फाचे डोंगर हे खास दाखवण्यासाठी बनवलेलं चित्रण असतं. शिवाय टीव्हीची चमक मुद्दाम वाढवून ठेवलेली असते. आम्ही पर्समध्ये पेन ड्राइव्ह नेला. त्यात आमच्याच एका हळदीकुंकवाचं मोबाईलवर काढलेलं चित्रण होतं. विक्रेत्याला सांगितलं, हे लावा, आणि चित्र घरगुती सेटिंगवर ठेवा. सगळे टीव्ही एकदम जमिनीवर आले. एकात आमचे चेहरे केशरी दिसत होते, एकात काळ्या साडीच्या घड्याच दिसेनात. त्यानंतर मराठी बातम्यांची वाहिनी लावायला सांगितली आणि सात फुटांवर उभं राहून खालची पट्टी वाचता येते का ते पाहिलं.

आणखी एक तपासणी आपण बायकांनीच करायला हवी. घरात टीव्हीसमोर सरळ बसणारं कोण? घरातले बाकीचे. आपण ओट्यापाशी असतो, कणीक मळता मळता तिरक्या नजरेने बघतो. काही पडद्यांत समोरून काळा रंग गडद आणि सुंदर दिसतो, पण बाजूला गेलं की चेहरे पांढरट पडतात. अशा पडद्यांना व्हीए म्हणतात. आयपीएस प्रकारच्या पडद्यात काळा रंग थोडा राखाडी दिसतो, पण बाजूनेही चित्र बरं राहतं. ही नावं लक्षात नाही राहिली तरी चालेल. दुकानात ओट्याच्या कोनातून, म्हणजे अगदी बाजूला उभं राहून बघा. विक्रेता हसला तर हसू द्या.

एलईडी, क्यूएलईडी, ओएलईडी या नावांनी गोंधळू नका. एलईडी म्हणजे एलसीडीचाच पडदा, मागे एलईडीचा उजेड. क्यूएलईडीमध्येही मागून उजेडच असतो, रंग खुलवणारा एक थर जास्त असतो. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, म्हणून काळा अगदी काळा दिसतो. तो बराच महाग असतो. आणि ज्या घरात दिवसा खिडकीचा उजेड आणि रात्री ट्यूबलाईट थेट पडद्यावर पडते, तिथे त्या महाग काळ्याचा फारसा उपयोग होत नाही.

आवाजाचं काय? टीव्ही चपटे झाले तसे स्पीकर खाली किंवा मागे गेले. पंखा, कुकरची शिट्टी आणि शेजारचा मिक्सर चालू असताना संवाद ऐकू आला पाहिजे. दुकानात गाणं लावून बघू नका, बोलणं लावून बघा, आणि आवाज कमी ठेवून बघा. सासूबाईंना ऐकायला कमी येतं, म्हणून ताईंनी हीच गोष्ट सगळ्यात जास्त तपासली.

आता भिंत. पुनर्वसनाच्या आणि नव्या इमारतींत खोल्यांमधल्या आडभिंती बऱ्याचदा चार इंची, हलक्या ब्लॉकच्या असतात. ५५ इंची टीव्ही पंधरा किलोच्या आसपास भरतो. खिळा मारण्याआधी गवंड्याला भिंत दाखवा, आतून वायर गेली आहे का ते इलेक्ट्रिशियनला विचारा. पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टीव्ही लावू नका. कपाटाच्या वर, छताजवळही नको, मान दुखते. बसल्यावर डोळे पडद्याच्या मध्याच्या आसपास यावेत. टेबलावर ठेवणार असाल तर मागून पट्ट्याने भिंतीला बांधा. लहान मूल ओढतं आणि टीव्ही अंगावर येतो.

विजेचा हिशेब सोपा आहे. टीव्हीच्या मागच्या पाटीवर वॅट लिहिलेले असतात. वॅट गुणिले रोजचे तास, भागिले हजार, म्हणजे रोजची युनिटं. १०० वॅटचा टीव्ही सहा तास चालला तर ०.६ युनिट, महिन्याला १८ युनिटं. बिल अदानीचं असो नाहीतर मुलुंड-भांडुपसारखं महावितरणचं, १०० युनिटांनंतरचा दर बराच जास्त असतो. ज्यांचं बिल ९० युनिटांवर थांबतं, त्यांनी हे १८ आधी मोजावेत. स्टार असलेल्या टीव्हीच्या लेबलवर वर्षाची युनिटं छापलेली असतात, दोन टीव्हींची तुलना त्यावरून करा.

स्मार्ट टीव्ही असेल तर इंटरनेटही खातो. एचडी चित्र तासाला सुमारे तीन जीबी ओढू शकतं. मोबाईलचं रोजचं दीड जीबी अर्ध्या तासात संपेल. घरी वायफाय नसेल तर त्याचा मासिक खर्चही हिशेबात धरा.

आता पैसे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. कर सोडून ३० हजारांचा टीव्ही आधी ३८,४०० ला पडायचा, आता ३५,४०० ला. कोणी जुन्या किमतीलाच "सूट" म्हणून दाखवत असेल तर बिलावर कराचा आकडा बघा.

आणि "बिनव्याजी हप्ता". रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते कुठेतरी लपवलेलं असतं. आम्हाला दुकानात ते सापडलं. एका टीव्हीची किंमत ३६,०००. रोख घेतला तर ३३,५००. हप्त्याने घेतला तर ४,००० चे नऊ हप्ते, वर ५०० रुपये प्रक्रिया शुल्क. म्हणजे ३६,५००. तीन हजारांचा फरक हेच व्याज. आमच्या गटाचा दर महिना दोन टक्के, घटत्या शिलकीवर. ३३,५०० नऊ महिन्यांत समान मुद्दल भरून फेडले तर व्याज ३,३५०. दुकानापेक्षा ३५० जास्त, हे आम्ही बैठकीत लपवलं नाही. पण ते व्याज गटाच्या पेटीत राहतं, वर्षअखेरीस सगळ्यांच्या वाट्याला येतं, आणि आजारपणात एखादा हप्ता चुकला तर ऐकून घेणारं कोणी असतं.

घेताना पक्कं बिल घ्या. रस्त्यावरच्या स्वस्त जुळवलेल्या टीव्हीला ना बिल ना वॉरंटी. मागच्या पाटीवर बीआयएसची खूण आणि इंग्रजी आर या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. खोका घरी उघडताना मोबाईलवर चित्रण करा. पडदा पांढरा, काळा, लाल करून एखादा मेलेला ठिपका किंवा रेघ आहे का ते तपासा. मोठा टीव्ही जिन्यातून नेताना उभाच न्यायचा, आडवा नाही. पुसताना बंद करून सुका मऊ कपडा वापरा. पाण्याचा फवारा थेट पडद्यावर मारू नका.

तक्रार असेल आणि दुकानदार दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन करा. तिथेही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आपल्या उपनगर जिल्ह्याचा वांद्रे पूर्वेला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. म्हणून बिल गादीखाली नको, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.

जुना डबा टीव्ही भंगारवाल्याला फोडायला देऊ नका. त्याच्या काचेत शिसं असतं, फोडणाऱ्या पोरांच्या अंगात ते जातं. नवीन घेताना बदलीत द्या किंवा ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे सोपवा.

मुंबईत वरळीचं दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. आमच्या आया सांगतात, तेव्हा चाळीत एका घरी टीव्ही असायचा आणि सगळी चाळ त्या दारात बसायची. आता प्रत्येक घरात टीव्ही आहे आणि दारं बंद आहेत.

आमच्या ताईंनी शेवटी ४३ इंची घेतला, ३३,५०० चाच. अर्ज ४० हजारांचा होता, कर्ज तेवढंच मंजूर झालं. उरलेल्या भिंतीला शिलाई मशीन लागलं. गटाने दोन नियम केले. घरगुती वस्तूच्या कर्जाआधी दोघींनी घरी जाऊन टेप लावायची, आणि लहान मुलं असलेल्या घरात फुटण्याचा विमा निघतो का ते विचारायचं.

परवा आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा सासूबाई पलंगावर बसून खालची पट्टी मोठ्याने वाचत होत्या, "मध्य रेल्वे वीस मिनिटं उशिरा." ताई ओट्यापाशी होत्या. म्हणाल्या, "सकाळपासून मला सगळ्या बातम्या हीच सांगते." मग सासूबाईंनी आम्हाला बसायला सांगितलं आणि दार उघडंच ठेवायला सांगितलं. शेजारच्या खोलीतल्या आजी दुपारी मालिका बघायला येतात, म्हणाल्या.

तुमच्या गटात असा अर्ज आला तर आधी टेप काढा.