मंजूर झालेलं चित्र म्हणजे वेबसाइट नव्हे

‘आधी फोटोशॉपमध्ये डिझाइन पक्कं करा, मग कोडिंगला द्या’ हा शिरस्ता एके काळी योग्यच होता. बहुतेक मॉनिटर 800 किंवा 1024 पिक्सेल रुंद, आणि गोल कोपरे, सावल्यासुद्धा चित्राचे तुकडे कापूनच बसवायच्या. पुढे ही कामं सीएसएस करू लागलं, हातोहाती फोन आले, आणि 2010 मध्ये ईथन मार्कॉट यांनी पडद्याप्रमाणे मांडणी बदलणारं ‘रिस्पॉन्सिव्ह’ डिझाइन मांडलं. शिरस्ता मात्र अनेक ठिकाणी तसाच आहे.

त्यातून आलेला सर्वांत चिवट गैरसमज म्हणजे क्लायंटनं मंजूर केलेलं चित्र हेच अंतिम रूप. चित्राला रुंदी एकच असते. मथळा लांबला, वाचकानं अक्षर मोठं केलं किंवा फोन आडवा धरला, तर काय व्हावं हे ते सांगत नाही.

मराठी मजकुरात तर हे फारच बोचतं. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत ऱ्हस्व वेलांटी भलत्या बाजूला जाई, जोडाक्षरं फुटत. म्हणून मजकूर युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये बसवायचा. चित्रात तो देखणा दिसे, पण ब्राउझरमध्ये चिकटवला की नुसती अगम्य चिन्हं. आता योग्य सेटिंग निवडलं तर फोटोशॉप देवनागरी नीट जुळवतं. तरी ओळींमधलं अंतर ब्राउझरमध्येच तपासावं. इंग्रजीच्या मापानं ठरवलेल्या अंतरात वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना जाऊन भिडतात. शिवाय एचटीएमएलमध्ये भाषा मराठी आहे असं नोंदवलं आणि फॉन्टमध्ये तशी सोय असली, तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतात. ही नोंद करायला बरेच जण विसरतात.

म्हणून डिझाइन थेट ब्राउझरमध्येच करावं. ‘ब्राउझरमध्ये डिझाइन केलं की सगळ्या साइट सारख्या, चौकोनी दिसतात’ हा आरोप खरं तर तयार टेम्पलेटवर करायला हवा. सीएसएस ग्रिड 2017 मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत आली. तेव्हापासून मासिकासारखी मोकळी मांडणीही थेट ब्राउझरमध्ये करता येते.

मग फोटोशॉप मोडीत काढायचं? मुळीच नाही. फोटोचे रंग सुधारणं, पार्श्वभूमी काढणं ही त्याचीच कामं. सुरुवातीला रंगसंगतीचे चार पर्याय झटपट करून बघायलाही ते बरं. अर्थात कागद-पेन्सिलही चालते. मंजुरीसाठी मात्र चित्राऐवजी लिंक पाठवावी. क्लायंट ती स्वतःच्या फोनवर उघडतो आणि ‘मेन्यू कुठे गेला?’ हा प्रश्न साइट सुरू होण्याआधीच विचारतो.