विहिरीच्या वरच्या अंगाला

“साहेब, मग टीसीएल किती वाढवू?”

नायट्रेटचा अहवाल हातात पडला की जलसुरक्षक हा प्रश्न विचारतोच. ग्रामपंचायतीनं त्याच्या हाती हत्यारच ते एक, ब्लीचिंग पावडरीचं, दिलेलं असतं. ओटी टेस्टला पाणी पिवळं झालं की क्लोरीन पुरेसं आहे; तपासणीची बाटली काळी पडली की पाण्यात मैला उतरलाय, पावडर वाढवा. एवढ्या सामग्रीवर हा माणूस तुटपुंज्या मानधनात अख्ख्या गावाला कावीळ-जुलाबापासून राखतो. पण नायट्रेट म्हणजे जंतू नव्हे. टीसीएलनं ते जात नाही आणि पाणी उकळलं तर उलट त्याचं प्रमाण वाढतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकानं घातलेली मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅमची आहे आणि तिच्यात सूट नाही. सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावरच्या बाळाच्या पोटात असं पाणी गेलं की रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, ओठ निळसर पडतात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, शेतातल्या विहिरींच्या पाण्यावर वाढणाऱ्या बाळांमधला हा आजार एका डॉक्टरनं 1945 साली मांडला होता.

म्हणून आमचं प्रशिक्षण त्या प्रश्नापाशी सुरू होतं. पावडरीचा डबा बाजूला ठेवायचा आणि हे पाण्यात आलं कुठून ते बघायचं. कारखान्याचं सांडपाणी नाल्याच्या तोंडाशी पकडता येतं. 1974 चा जलप्रदूषणाचा कायदा तिथं संमतीची अट घालतो, नमुना घेण्याचा अधिकार देतो. शिवारातून झिरपणाऱ्या पाण्याला असं तोंड नसतं. इथं एका शेतातला युरिया, तिथं एक उकिरडा, गोठ्याचं मूत, शौचालयाचा खड्डा. प्रत्येकाचं थोडं थोडं, आणि ते सगळं मुरमातून, खडकाच्या भेगांतून गावाच्या विहिरीत.

हे पटवायला आम्ही युरियाची रिकामी गोणी घेऊन जातो. एका तालुक्याच्या वर्गात फळ्यावरचा हिशेब करायला व्हॉल्व्ह फिरवणारे एक वयस्क काका पुढे आले. गोणी 45 किलोची, तिच्यात नत्र 46 टक्के, म्हणजे 20 किलो 700 ग्रॅम. ते सगळंच्या सगळं नायट्रेट होऊन पाण्यात उतरलं तर सुमारे 92 किलो. आता 45 मिलिग्रॅमनं भागा. काकांनी शून्यं दोनदा मोजली. वीस लाख लिटर! आठ मीटर रुंदीच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते साधारण दोन लाख लिटर भरतं. म्हणजे एका गोणीत दहा विहिरी मर्यादेपर्यंत नेण्याइतकं नायट्रेट. पीक त्यातलं बरंच उचलतं, काही हवेत उडतं, हे आम्ही लगेच सांगतो. माणसांना घाबरवून पाणी स्वच्छ होत नाही. पण तेवढ्यात मागून एकानं विचारलं, “आणि उसाला एकरी किती गोण्या घालतो आपण?” त्यानंतर वर्ग आमच्या हातात राहिला नाही. सगळे आपापल्या रानाचा हिशेब करायला लागले.

अशा वेळी वर्गात कृषी सहायक हवाच. पाण्याची बैठक पाणीपुरवठ्याची आणि खताची बैठक शेतीखात्याची, अशी आपल्याकडची वाटणी. त्याला बोलवायला पत्र पाठवावं लागतं, तालुक्याला फोन करावे लागतात, त्याच्या दौऱ्याची तारीख जुळवावी लागते. माझ्या मते प्रशिक्षणाचं निम्मं यश याच खटपटीत असतं, कारण युरिया हप्त्याहप्त्यानं द्या, मोठ्या पावसाच्या तोंडावर फेकू नका, आधी माती तपासून घ्या, हे त्याच्या तोंडून आलं तर शेतकरी ऐकतात. जलसुरक्षकानं सांगितलं तर, “तू पाणी सोड बाबा.”

आणि इथंच खरी अडचण आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर स्रोतांची स्वच्छता पाहणी होते, ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. विहिरीजवळ घाण आहे का, या रकान्यात खरं लिहायचं तर कधी कधी वजनदार माणसाच्या उकिरड्याचं नाव येतं. पंचायतीच्या हाताखालचा जलसुरक्षक ते कसं लिहील? म्हणून आम्ही शिवारफेरीला सरपंच आणि ग्रामसेवकांना बरोबर घेतो, आणि गरिबाच्या दारापासून फेरी कधीच सुरू करत नाही.

एका गावात फेरी विहिरीच्या वरच्या अंगाला पोचली. तिथला उकिरडा पंचायतीच्या एका जुन्या सदस्याचा. सगळे गप्प. जलजीवन मिशनमध्ये गावागावांतून पाच बायकांना पाणी तपासायला शिकवतात, त्यांतली एक हातात किट घेऊन उभी होती. ती म्हणाली, “अण्णा, पहिल्या पावसाचं काळं पाणी ह्याच बाजूनं उतरतंय बघा. आम्ही खाली धुणं धुतो, आम्हाला दिसतं.” मग तिनं तिथंच नळीत पाणी घेऊन रसायन टाकलं. गुलाबी रंग तक्त्याशी जुळवून झाला तेव्हा अण्णा स्वतः वाकून बघत होते. म्हणाले, “हलवतो. पण नेऊ कुठं? जागा दाखवा.”

त्यांचं म्हणणं रास्त होतं. शेणखत हे शेतकऱ्याचं धन आहे. गावठाण दाटलेलं, जनावरं घरापाशी, मग खत टाकायचं कुठं? हा प्रश्न दंडानं किंवा दटावून सुटत नाही, उताराच्या खालच्या बाजूला जागा ठरवण्यानं सुटतो, आणि ते काम ग्रामसभेचं आहे. त्या दिवशी ग्रामसेवकांनी विषयपत्रिकेत तो विषय तिथंच लिहून घेतला. लाल कार्डाची भीती बाळगण्यापेक्षा ते कार्ड मदत मागायचा अर्ज आहे असं गावांनी मानावं, असं मला मनापासून वाटतं.

उकिरडा हलला म्हणून पुढच्याच तपासणीत आकडा उतरत नाही, हेही शिकवावं लागतं. जमिनीत मुरलेलं नायट्रेट निघायला वर्षं जातात. ते सांगितलं नाही तर गाव एका पावसाळ्यात खचतं.

प्रशिक्षणाच्या तारखा बऱ्याचदा मार्चअखेरीला येतात, निधी संपवायचा असतो म्हणून. आम्ही मे महिना मागतो. तेव्हा विहिरी तळाला गेलेल्या असतात, युरियाच्या गोण्या अजून रानात पोचलेल्या नसतात, आणि खताच्या गाड्या भरायला शेतकरी तयारच असतो. उकिरडा तेव्हा उचलला, तर पहिल्या पावसाला वरच्या अंगावरून वाहून न्यायला काही उरत नाही.