शुक्राणूतलं कॅल्शियम येतं कुठून?

पेशीत कॅल्शियमचा साठा कुठे असतो, असं विचारलं की आपण पटकन एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमचं नाव घेतो. पण परिपक्व शुक्राणूत ते नेहमीसारखं नसतंच. घडताना शुक्राणू जवळजवळ सगळा पेशीद्रव टाकून देतो. तरी जोरात शेपटी मारणं, अंड्याचं आवरण भेदणं ही कामं कॅल्शियमवरच चालतात. मग ही व्यवस्था चालते कशी?

आधी आकडे बघू. शांत शुक्राणूच्या आत मुक्त कॅल्शियम साधारण ५० ते १०० नॅनोमोलर असतं, तर बाहेर १ ते २ मिलिमोलर. म्हणजे फरक दहा हजार पट किंवा त्याहून जास्त! तो टिकवण्यासाठी शेपटीच्या पटलावरचा पीएमसीए४ हा पंप एटीपी खर्चून कॅल्शियम बाहेर फेकत राहतो. उंदरांत या पंपाचा जनुक निकामी केला, तर शुक्राणू नीट पोहत नाहीत आणि नर वंध्य होतात.

आत येण्याचा मुख्य दरवाजा म्हणजे कॅटस्पर चॅनेल. तो फक्त शेपटीवर असतो. त्याचा शोध २००१ मध्ये लागला. अंड्याभोवतीच्या पेशी प्रोजेस्टेरॉन सोडतात आणि त्यामुळे मानवी शुक्राणूतला कॅटस्पर उघडतो, हे २०११ मध्ये दोन गटांनी वेगवेगळं दाखवलं.

आतले साठे मुख्यतः दोन. पहिला ॲक्रोसोम, म्हणजे डोक्यावरची टोपी. दुसरा मानेपाशी, जिथे केंद्रकाच्या उरलेल्या आवरणाच्या घड्या असतात. दोन्हीकडे साठ्यातून कॅल्शियम सोडणारे आयपी३ रिसेप्टर सापडले आहेत. मानेचा साठा शेपटीच्या मुळाशीच असल्यामुळे शेपटीच्या हालचालीवर त्याचा परिणाम होतो.

आता खरी गोम. रंगद्रव्य चमकलं, म्हणजे आतलं मुक्त कॅल्शियम वाढलं, एवढंच कळतं. ते बाहेरून आलं की साठ्यातून? सोपा उपाय वाटतो तो असा: ईजीटीए घालून बाहेरचं कॅल्शियम काढून टाकायचं, तरीही सिग्नल आला तर तो साठ्यातला. पण सिग्नल आला नाही तर? साठा नाहीच, असं म्हणता येत नाही. बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली की कॅल्शियम उलटं बाहेर झिरपतं आणि साठेही रिकामे होऊ लागतात. शिवाय कॅल्शियम नसेल तर कॅटस्परमधून सोडियम आत शिरतं आणि पटलाचा विद्युतभार बदलतो. म्हणून बाहेरची पातळी शून्यावर न नेता आतल्या पातळीच्या आसपास ठेवायची आणि लगेच मोजायचं, हे जास्त सुरक्षित.

हा फक्त प्रयोगशाळेतला बारकावा नाही. नेहमीच्या वीर्यतपासणीत संख्या, हालचाल आणि आकार बघतात. कॅटस्पर निकामी असलेल्या काही पुरुषांचा हा रिपोर्ट नॉर्मल येतो, पण गर्भधारणा होत नाही, साध्या आयव्हीएफनेही नाही. अशा वेळी शुक्राणू थेट अंड्यात सोडण्याची इक्सी पद्धत उपयोगी पडते. बिघाड दरवाजात आहे की साठ्यात, हे ओळखता आलं तर त्या जोडप्याची काही वर्षं वाचू शकतात.

तेव्हा या विषयावरचा पेपर हातात आला की आलेखाआधी पद्धतींचा भाग उघडा आणि तीन गोष्टी शोधा: बाहेर कॅल्शियम किती होतं, मोजणी किती वेळाने केली, आणि वाढ आधी मानेत दिसली की शेपटीत.