नागपूर परिसरातील तलावकाठची पदभ्रमंती

नागपूर परिसरातील तलावकाठची पदभ्रमंती म्हणजे महाराष्ट्रातील नागपूर शहर व त्याच्या आसपासच्या तलावांच्या आणि जलाशयांच्या काठाने, लहान मुले व वृद्ध यांनाही झेपेल अशा रीतीने केलेली पायी भटकंती होय. शहराच्या पश्चिमेकडील अंबाझरी, फुटाळा व गोरेवाडा हे जलाशय, तसेच ईशान्येकडील रामटेकचा अंबाळा तलाव व खिंडसी जलाशय ही या भटकंतीची प्रमुख ठिकाणे आहेत. शहराच्या आग्नेय टोकाला असलेल्या हुडकेश्वरसारख्या वस्त्यांतील कुटुंबांना यांपैकी बहुतेक ठिकाणी जाण्यासाठी शहर ओलांडावे लागते. त्यांना सर्वांत जवळ पडतो तो उमरेड मार्गावरील भोसलेकालीन सक्करदरा तलाव.

हे तलाव सहलीसाठी निर्माण झालेले नाहीत. पिण्याचे पाणी व सिंचन या गरजांतून ते बांधले गेले आणि त्यांच्या काठावर चालण्याची प्रथा नंतर रुळली. म्हणूनच तलावाची रचना, त्याचे पाणलोट क्षेत्र आणि ऋतुमानानुसार बदलणारे त्याचे रूप यांची माहिती असणे काठाने चालणाऱ्यास उपयुक्त ठरते.

भौगोलिक पार्श्वभूमी

नागपूर शहर दख्खनच्या पठारावरील काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसाल्टच्या, पूर्व सीमेवर वसलेले आहे. शहराच्या पश्चिमेस सेमिनरी हिल्स, अंबाझरी व गोरेवाडा या भागांत बेसाल्टच्या बुटक्या टेकड्या आहेत. पूर्वेकडे प्राचीन नाइस खडकांचा सपाट प्रदेश सुरू होतो. टेकड्यांमधील उथळ दरीच्या तोंडाशी मातीचा बांध घातला की मागे पाणी साठते. या सोयीमुळे शहरातील बहुतेक मोठे तलाव पश्चिम भागात आहेत. पश्चिमेच्या लाव्हा परिसरातील टेकड्यांकडून येणारी नाग नदी अंबाझरीतून पुढे निघते, शहराच्या मध्यातून पूर्वेकडे वाहते व कन्हान नदीला मिळते. कन्हान पुढे आंभोरा येथे वैनगंगेला मिळते आणि हे सर्व पाणी अखेरीस गोसेखुर्द धरणाच्या जलाशयात पोहोचते.

पूर्व विदर्भात तलाव बांधण्याची परंपरा जुनी आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच 'मामा तलाव', हे तिचे ठळक उदाहरण होय. या तलावांच्या उभारणीत कोहळी समाजाचा मोठा वाटा आहे. तलावाच्या बांधाला या भागात 'पाळ' म्हणतात.

इतिहास

गोंड राजा चांद सुलतान याच्या काळात, अठराव्या शतकात, आजचा गांधीसागर म्हणजेच शुक्रवारी किंवा जुम्मा तलाव अस्तित्वात आला. भोसल्यांच्या राजवटीत अंबाझरी, फुटाळा, सक्करदरा इत्यादी तलावांची भर पडली. अंबाझरी हे नाव परिसरातील आंब्याच्या झाडांवरून पडले, असे सांगितले जाते.

इ.स. १८७०च्या सुमारास अंबाझरीच्या जुन्या तलावाचा विस्तार करून शहराला नळाने पाणी देण्याची योजना आखण्यात आली. या कामावर अलेक्झांडर बिनी (जन्म १८३९) हे इंग्रज अभियंते होते. पुढे लंडनच्या कौंटी कौन्सिलचे मुख्य अभियंता म्हणून टेम्स नदीखालील ब्लॅकवॉल बोगदा (१८९७) व ग्रिनिच येथील पादचारी बोगदा (१९०२) त्यांच्या देखरेखीखाली झाले. शहर वाढत गेले तशी पाण्याची गरजही वाढली. विसाव्या शतकाच्या आरंभी गोरेवाडा जलाशय झाला, नंतर कन्हान नदी व पेंच प्रकल्प हे मुख्य स्रोत बनले आणि अंबाझरीचा पिण्याच्या पाण्यासाठी होणारा वापर थांबला.

पाऊस आणि तलावातील साठा

बिनी यांनी १८६९ व १८७२ या वर्षांत नागपूरजवळील सुमारे १६ चौरस किलोमीटर पाणलोट क्षेत्रात किती पाऊस पडतो व त्यातील किती पाणी वाहून येते, याची मोजणी केली. तीवरून तयार झालेली 'बिनीची टक्केवारी' जलविज्ञानाच्या भारतीय पाठ्यपुस्तकांत आजही दिली जाते. मध्य प्रदेश व विदर्भातील जलाशयांच्या साठ्याचा अंदाज बांधण्यासाठी ती वापरली गेली आहे. तिच्यानुसार वर्षभरात ५०० मिलिमीटर पाऊस झाल्यास त्यातील १५ टक्के, ८०० मिलिमीटर झाल्यास २९ टक्के आणि १००० मिलिमीटर झाल्यास ३८ टक्के पाणी वाहून तलावात येते.

या आकड्यांचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होतो. १६ चौरस किलोमीटर क्षेत्रावर १००० मिलिमीटर पाऊस पडला तर एकूण १ कोटी ६० लाख घनमीटर पाणी पडते आणि त्यातील सुमारे ६१ लाख घनमीटर तलावात येते. पाऊस निम्मा, म्हणजे ५०० मिलिमीटर झाला, तर ८० लाख घनमीटरपैकी केवळ १२ लाख घनमीटर येते. पाऊस निम्म्यावर आला की साठा मात्र एक-पंचमांशावर येतो. उन्हाळ्यात भेगाळलेली काळी जमीन सुरुवातीचा पाऊस शोषून घेते आणि तिची तहान भागल्यानंतरच पाणी वाहू लागते, हे याचे कारण होय. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात भरपूर पाऊस होऊनही तलाव रिकामा का दिसतो आणि ऑगस्टअखेर मध्यम सरींनीही तो काठोकाठ कसा भरतो, हे यावरून समजते.

प्रमुख मार्ग

अंबाझरी: तलावालगतचे उद्यान लहान मुलांसाठी सर्वांत सोयीचे आहे. सावली, बसण्याची जागा व सपाट वाटा असल्यामुळे वृद्धांनाही येथे फिरणे सुलभ जाते. तलावाच्या परिसरातील सुमारे ७५० हेक्टर वनक्षेत्रात अंबाझरी जैवविविधता उद्यान विकसित करण्यात आले आहे. गवताळ माळ व झुडपी जंगल यांतून जाणाऱ्या त्याच्या वाटा थोड्या मोठ्या मुलांना अधिक रुचतात. हा परिसर बराच मोकळा असल्याने ऊन जाणवते. त्यामुळे पाणी सोबत असणे आवश्यक ठरते.

फुटाळा: तेलंगखेडी तलाव या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या या तलावाच्या एका काठाने रस्ता व चौपाटी आहे. चालण्याचे अंतर हवे तिथे कमी करता येत असल्याने अगदी लहान मुलांसह येणाऱ्या कुटुंबांना तो सोयीचा पडतो. सायंकाळी येथे वाहनांची व लोकांची गर्दी असते. निवांत चालण्यासाठी सकाळची वेळ चांगली.

गोरेवाडा: हा जलाशय वनक्षेत्राने वेढलेला आहे. २६ जानेवारी २०२१ रोजी येथील बाळासाहेब ठाकरे आंतरराष्ट्रीय प्राणी उद्यानातील भारतीय सफारी खुली झाली. सफारी वाहनातूनच करावयाची असते. ती पायवाट नव्हे. या जंगलात बिबट्याचा वावर असल्यामुळे पायी फिरणे केवळ परवानगी असलेल्या मार्गावर व ठरावीक वेळेतच करावे लागते.

रामटेक: नागपूरपासून सुमारे ५० किलोमीटरवरील रामटेकच्या गडाच्या पायथ्याशी अंबाळा तलाव आहे. त्याच्या काठावर घाट व देवळे असून तेथून पायऱ्यांची वाट गडमंदिराकडे चढते. कालिदासाच्या 'मेघदूता'तील रामगिरी तो हाच, असे अनेक अभ्यासक मानतात. गडावर कालिदास स्मारक आहे. काठाने चालणे सर्वांना जमते. पायऱ्यांची चढण मात्र मुलांच्या व ज्येष्ठांच्या शक्तीनुसार ठरवावी लागते. जवळच सूर नदीवरील खिंडसी जलाशय असून तेथे नौकाविहाराची सोय आहे.

ऋतुमान

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत अनुकूल असतो. पाणी भरलेले असते, हवा थंड असते व स्थलांतरित पक्षी आलेले असतात. चक्रवाक, थापट्या व तलवार बदक हे हिवाळी पाहुणे. टिबुकली, पाणकावळा, शेकाट्या, कमळपक्षी, राखी बगळा व खंड्या हे नेहमी दिसणारे पक्षी होत. फेब्रुवारी-मार्चमध्ये टेकड्यांवरील पळस फुलतो. मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत व क्वचित त्याहूनही वर जात असल्याने उन्हाळ्यातील भटकंती सूर्योदयाच्या सुमारास आटोपणे योग्य असते.

सुरक्षितता

मातीच्या बांधाचा माथा चालण्यास सपाट वाटतो. परंतु बांध हा सर्वप्रथम धरणाचा भाग असतो. त्याच्या पाण्याकडील उतारावर लाटांपासून संरक्षणासाठी दगड रचलेले असतात. त्यावर चढ-उतार केल्याने दगड निखळतात, बांधाची झीज होते व घसरून पडण्याचा धोका असतो. सांडव्याजवळ, विशेषतः पाणी वाहत असताना, उभे राहणे धोक्याचे आहे.

उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर काठाचा गाळ वरून वाळून तडकतो, पण आत तो मऊ असतो. अशा भागात मुलांना उतरू देऊ नये. पाण्याचा तळ एकाएकी खोल होत असल्याने पोहणे टाळावे. नौकाविहार करताना जीवरक्षक जाकीट घालणे आवश्यक आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी व परतीच्या पावसात विदर्भात वीज पडण्याच्या घटना वारंवार घडतात. गडगडाट ऐकू येताच मोकळा काठ व बांध सोडावा आणि एकट्या झाडाखाली न थांबता पक्क्या इमारतीत जावे.

सद्यस्थिती व प्रश्न

२३ सप्टेंबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर नागपुरात सुमारे चार तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. अंबाझरी तलाव सांडव्यावरून वाहू लागला, नाग नदीला पूर आला आणि तलावाखालील वस्त्यांत पाणी शिरून जीवितहानी व मोठी वित्तहानी झाली. १६ चौरस किलोमीटर क्षेत्रावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १६ लाख घनमीटर पाणी. हंगामाच्या अखेरीस जमीन भिजलेली व तलाव भरलेला असताना या पाण्याचा मोठा भाग थेट पुढे जातो. या पुरानंतर बांधाचे मजबुतीकरण, सांडव्यापुढील अडथळे व नाग नदीच्या पात्राची रुंदी हे विषय सार्वजनिक चर्चेत आले.

सांडपाणी व निर्माल्य यांमुळे पाण्यातील पोषक द्रव्ये वाढतात आणि जलपर्णी फोफावते. जलपर्णीचा थर प्रकाश व हवा अडवतो, त्यामुळे पाण्यातील प्राणवायू घटून मासे मरतात. जलपर्णी काढणे हा तात्पुरता उपाय असून सांडपाणी रोखणे हा मूळ उपाय होय. काठावर टाकलेला कचरा पावसासोबत तलावात, तेथून नाग नदीत आणि पुढे कन्हान-वैनगंगेमार्गे गोसेखुर्दच्या जलाशयात जातो. नदीकाठच्या अनेक गावांचे पाणी व मासेमारी याच प्रवाहावर अवलंबून असल्याने तलावकाठच्या स्वच्छतेचा परिणाम शहराच्या हद्दीपलीकडेही होतो.