भाग बदलण्याआधी दिवा कधी लागतो ते पाहा

दहा-बारा वर्षं वापरलेल्या गाडीत एबीएसचा, म्हणजे जोराच्या ब्रेकमध्ये चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागला आणि विझेनासा झाला, की गॅरेजमध्ये बहुधा दोनपैकी एक सल्ला मिळतो. ‘ब्रेक लागतायत ना, मग चालवा’ हा पहिला; ‘मॉड्यूल गेलंय, बदलावं लागेल’ हा दुसरा. एक जिवाशी खेळणारा, दुसरा खिसा रिकामा करणारा. आणि तपासणी दोन्हींत नाही. खरं तर जुन्या गाडीत दोष अनेकदा एबीएस चालवणाऱ्या महागड्या मॉड्यूलमध्ये नसून चाकाजवळच्या वायर, सेन्सर आणि रिंगमध्ये सापडतो. त्याचा पहिला पुरावा मालकाला स्वतःलाच गोळा करता येतो: दिवा नेमका कधी लागतो?

बॉश कंपनीने 1978 मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लास गाडीत बसवलेल्या एबीएसचं मूळ तत्त्व आजही तेच आहे. चाकाबरोबर दातेरी रिंग फिरते, शेजारचा सेन्सर तिचे दाते मोजतो. जोराच्या ब्रेकमध्ये एखादं चाक इतरांपेक्षा एकदम मंदावलं, की यंत्रणा त्या चाकावरचा दाब सेकंदाला अनेकदा सोडते आणि पुन्हा देते. एका चाकाची माहिती जरी बेभरवशाची वाटली, तरी यंत्रणा स्वतःला बंद करून दिवा लावते. चावी फिरवल्यावर काही सेकंद दिवा लागून विझणं ही नेहमीची स्वयंतपासणी. गाडी उभी असतानाही तो विझलाच नाही, तर संशय तुटलेल्या वायरवर, कनेक्टरमध्ये शिरलेल्या पाण्यावर, फ्यूजवर किंवा कमजोर बॅटरीवर घ्यावा. विझून गाडी चालू लागताच पुन्हा लागला, तर जोडणी बहुधा शाबूत आहे पण सिग्नल बिघडलेला आहे: रिंगला तडा, सैल बेअरिंग किंवा सेन्सरखाली धरलेला गंज. कोकणपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत या गंजाकडे आधी पाहावं, कारण तो सेन्सरला हळूहळू उचलून रिंगपासून दूर नेतो. गाडी थांबता थांबता कोरड्या रस्त्यावरही पेडल थरथरत असेल, तर कमी वेगात एखाद्या चाकाचा सिग्नल आधीच तुटतो आहे आणि ते चाक जाम झालं असं यंत्रणेला वाटतं आहे.

त्यानंतर स्कॅनर. स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनचेच कोड वाचतात. एबीएसचे ‘सी’ने सुरू होणारे कोड वाचणारा हवा. अनेक गाड्यांत सी0035 म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचं सर्किट. कोड सर्किटचं नाव सांगतो, खराब भागाचं नाही. म्हणून स्टिअरिंगबरोबर वाकणारी वायर आधी पाहावी, कनेक्टर उघडून साफ करावा. जुन्या पद्धतीच्या दोन वायरींच्या चुंबकीय सेन्सरचा रोध मल्टीमीटरने मोजून दुसऱ्या बाजूच्या सेन्सरशी ताडून पाहता येतो. नंतरच्या, वीजपुरवठा लागणाऱ्या सेन्सरला ही चाचणी लागू नाही. बेअरिंग बदलल्यावर लगेच दिवा लागला असेल, तर ते उलटं बसलं का हे आधी विचारा; काही गाड्यांत चुंबकीय रिंग बेअरिंगच्या एकाच बाजूच्या सीलमध्ये असते.

एवढ्या खटाटोपापेक्षा नवा सेन्सर टाकणं स्वस्त, असं म्हटलं जातं. पण तडकलेल्या रिंगसमोर नवा सेन्सर बसवला तरी दिवा परत लागणारच, आणि कोड पुसून दोष जात नाही. मॉड्यूल कधीच खराब होत नाही असंही नाही. जुन्या मॉड्यूलमधले सोल्डरचे सांधे तडकतात, पंपाची मोटर थकते. मात्र तेव्हा कोड सहसा पंपाकडे किंवा मॉड्यूलकडेच बोट दाखवतो, आणि ते दुरुस्तही करून मिळू शकतं. राहिला ‘चालवा’ हा सल्ला. एबीएस बंद असतानाही ब्रेक लागतात हे खरं, फक्त पावसाळी रस्त्यावर करकचून दाबल्यावर चाकं जाम होतील आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळणार नाही. याच कारणासाठी भारतात एप्रिल 2018 पासून नव्या मॉडेलच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर गोष्ट वेगळी: ब्रेक ऑइल घटलेलं असू शकतं, किंवा मागच्या चाकांवरचा दाब आवरणारी व्यवस्थाही बंद पडलेली असू शकते. हँडब्रेक सुटलेला आहे याची खात्री करा, आणि तरीही लाल दिवा राहिला तर गाडी चालवू नका, उचलून न्या.

गॅरेजने मॉड्यूल बदलायला सांगितलं, तर होकार देण्याआधी कोडचा क्रमांक कागदावर लिहून मागा आणि त्यावर कोणती चाचणी केली ते विचारा. उत्तर मिळालं नाही, तर गाडी दुसरीकडे दाखवा.