तापलेला खडू तेल कधी सोडतो?

उत्तर समुद्रात, नॉर्वेच्या हद्दीत, एकोफिस्क हे तेलक्षेत्र 1969 साली सापडले. सुमारे तीन किलोमीटर खोलीवर तिथला खडक खडूचा आहे, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या सूक्ष्म शैवालांच्या चुनखडी कवचांचा साचलेला थर. त्यात छिद्रे भरपूर आहेत, पण इतकी बारीक की त्यांतून तेल सहजी वाहत नाही. यातले जेमतेम 17-18 टक्के तेल हाती लागेल, असा सुरुवातीचा अंदाज होता.

अडचण केवळ छिद्रांची नव्हती. कच्च्या तेलात थोडी सेंद्रिय आम्ले असतात. पाण्याशी गाठ पडली की त्यांच्या एका टोकावर ऋण भार येतो. तेलसाठ्यातल्या परिस्थितीत खडूच्या पृष्ठभागावर मात्र बहुधा धन भार असतो. साहजिकच आम्लाचे हे टोक खडूला चिकटते आणि तेलाची ओढ असलेली लांब शेपटी बाहेर राहते. रेणू असे पृष्ठभागावर जमून बसतात, त्यालाच अधिशोषण म्हणतात. हा थर बसला की खडक पाण्याला जवळ करत नाही. तेल ढकलण्यासाठी वरून पाणी सोडले तरी ते भेगांमधून निघून जाते आणि छिद्रांतले तेल तिथेच राहते.

मग उष्णतेने हे रेणू सुटतील का? पाठ्यपुस्तकाचे उत्तर 'हो' असे आहे. अधिशोषणात सहसा उष्णता बाहेर पडते, म्हणून तापवल्यावर पकड सैल होते. ओलावा शोषलेले सिलिका जेल तापवून पुन्हा वापरता येते ते याचमुळे.

खडूच्या बाबतीत मात्र एवढ्यावर थांबणे घाईचे ठरते. ओल्या खडूच्या पृष्ठभागावर पाण्याचे रेणू आधीच दाटीने बसलेले असतात. आम्लाचा एक मोठा रेणू बसायचा तर त्यांतले अनेक मोकळे व्हावे लागतात. त्यामुळे एकूण अव्यवस्था, म्हणजे एन्ट्रॉपी, वाढली तर वाढते तापमान चिकटण्यालाच हातभार लावू शकते. शिवाय पक्का रासायनिक बंध जुळायला सुरुवातीला ऊर्जा लागते. म्हणूनच प्रयोगशाळेत खडकाचे नमुने तेलात बुडवून कित्येक आठवडे गरम ठेवतात, तेव्हा कुठे ते साठ्यातल्या खडकासारखे वागू लागतात.

भूगर्भातला काळ तर लाखो वर्षांचा. तेवढ्या अवधीत उष्णतेने काही आम्ले मोडतात आणि त्यांतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो. गरम चुनखडी साठ्यांतले तेल बरेचदा कमी आम्लयुक्त असते, त्याचे एक कारण हे आहे.

एकोफिस्कमध्ये 1987 पासून मोठ्या प्रमाणावर समुद्राचे पाणी सोडले जाऊ लागले. ते का लागू पडले, याचा छडा स्टाव्हँगर विद्यापीठात टोर आउस्टाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. त्यांच्या मांडणीनुसार पाण्यातले सल्फेट आयन खडूवर बसून त्याचा धन भार कमी करतात. त्यामुळे कॅल्शियम जवळ येतो आणि आम्लाला खडकापासून सोडवतो. मॅग्नेशियमला भोवतीच्या पाण्याच्या रेणूंचे घट्ट वेष्टन असते. ते तापल्यावर सैल झाले की तोही कामाला लागतो आणि पृष्ठभागावरच्या कॅल्शियमची जागा घेतो. साधारण 90 ते 100 अंश सेल्सियसच्या पुढे ही क्रिया जोर धरते. एकोफिस्कचे तापमान सुमारे 130 अंश आहे.

याला दुसरी बाजूही आहे. कॅल्शियम सल्फेटची विद्राव्यता तापमानाबरोबर घटते, त्यामुळे अति उष्ण खडकात तो साका होऊन छिद्रे बुजवू शकतो.

आता तिथून 50 टक्क्यांच्या आसपास तेल निघेल असे मानले जाते. सगळे श्रेय रसायनाचे नाही. नव्या विहिरींचा त्यात वाटा आहे, तसाच खडक दबून तेल बाहेर ढकलले गेल्याचाही. या दबण्यामुळे समुद्रतळ इतका खचला की 1987 मध्ये समुद्रातले तेल काढण्याचे फलाट सहा मीटर उचलावे लागले.

मुंबईच्या पश्चिमेला 'सागर सम्राट' या समुद्रातल्या खोदकाम यंत्रणेने 1974 मध्ये शोधलेले मुंबई हाय हे तेलक्षेत्रही चुनखडीचेच, आणि तिथेही समुद्राचे पाणी सोडले जाते. पण तिथला खडक वेगळा, तेलही वेगळे. नॉर्वेचे आकडे तिथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. प्रत्येक क्षेत्राची चाचणी त्याच्याच खडकावर, त्याच्याच तेलाने आणि साठ्याच्या प्रत्यक्ष तापमानालाच घ्यावी लागते. 25 अंशांवर मिळालेला निकाल तापलेल्या साठ्याला लागू पडत नाही.