मशीनलाही श्वास लागतो

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या यवतमाळात माळ्यावरून तीन वस्तू खाली येतात. पितळेची परात, समया आणि व्हॅक्यूम क्लीनर. पहिल्या दोन चिंच-मिठाने घासल्या की लखलखतात. तिसरी प्लगला लावली की किंचाळते, जळका वास सोडते आणि गप्प बसते. मग घरातले कोणीतरी ठरलेले वाक्य बोलते, "आजकालच्या वस्तूच टिकत नाहीत!"

हे म्हणणे हिशेबाला धरून आहे का? बँकेत माझी सारी नोकरी घसाऱ्याचे आकडे तपासण्यात गेली, म्हणून ही खोड. युरोपीय संघाने २०१७ पासून नियम केला की घरगुती व्हॅक्यूम क्लीनरची मोटार किमान ५०० तास चालली पाहिजे आणि त्याची नळी ४०,००० वेळा वाकवली तरी शाबूत राहिली पाहिजे. तो नियम आपल्याकडचा नव्हे, पण माप म्हणून घेऊ. आठवड्याला एक तास मशीन चालवले तर वर्षाचे ५२ तास होतात. म्हणजे साडेनऊ वर्षे! आणि आपल्याकडे बहुतेक घरांत ते दिवाळीला आणि पाहुणे येणार असले की निघते. मग चार वर्षांत ते मरते कशाने? वापराने नक्कीच नाही. ते गुदमरून मरते.

१९०१ साली लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरने एका उपाहारगृहात खुर्चीवर रुमाल अंथरला, त्याला तोंड लावले आणि जोराने श्वास आत ओढला. ठसका लागला तो लागलाच, पण रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा काळा ठिपका उमटला. सगळा व्हॅक्यूम क्लीनर त्या रुमालात आहे. हवा पार जाते, धूळ अडते. कापडाची छिद्रे बुजली की हवाही अडते, आणि खरे संकट तिथे सुरू होते. आपल्या घरातल्या बहुतेक कोरड्या मशीनमध्ये पिशवीतून गाळलेली तीच हवा पुढे मोटारीवरून जाते आणि तिला थंड ठेवते. मिनिटाला वीस हजारांहून जास्त फेरे घेणाऱ्या मोटारीला दुसरा वारा घालणारे कोणी नसते.

शेजारच्या वहिनी परवा म्हणाल्या, "काकाजी, मशीन वरडते लय, पन कचरा वढतच नाही. बदल्यात नवीन घेऊन टाकू का?" त्यांच्या सासूबाईंना दमा आहे. झाडूने धूळ उडते म्हणूनच ते मशीन घेतले होते. आवाज वाढला म्हणजे मशीन जास्त राबते आहे, असा पुष्कळांचा समज असतो. प्रकार उलटा आहे. हवा येईनाशी झाली की पंख्यावरचा भार कमी होतो, मोटार मोकाट पळते आणि थंडावा न मिळाल्याने तापते. चढता आवाज ही तक्रार आहे. तो ऐकला की आधी स्विच बंद करावा. वहिनींच्या मशीनची पिशवी गच्च भरलेली निघाली, आणि नळीच्या वळणात कापसाचा बोळा बसला होता.

कापसाचे आम्हाला कौतुक नको. हंगामात जिनिंगमध्ये जाऊन पाहा, ढिगातला कापूस मोठ्या नळाने हवेच्या जोरावर आत ओढतात. व्हॅक्यूम क्लीनरचा हा थोरला भाऊच. घरातल्या रुईच्या गाद्याही तंतू सोडतात, ते केसांत गुंततात आणि नळीत अडकतात. नळी मोकळी आहे का हे पाहायला एक रुपयाचे नाणे वरून सोडावे. खाली खणखणले तर ठीक.

त्याहून वाईट म्हणजे पिठासारखी बारीक धूळ. वणीकडच्या घरांत कोळशाची, घर दुरुस्तीनंतर सिमेंटची आणि दिवाळीत अंगणातली रांगोळी! रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. ती पिशवीची छिद्रे एका बैठकीत लिंपून टाकते. रांगोळी ओल्या फडक्याने पुसावी आणि सिमेंट झाडूला द्यावे. उदबत्तीची किंवा फटाक्यांची राख तर मशीनला दाखवूच नये. तिच्यात निखारा असला तर पिशवीतला कापूस पेटायला वेळ लागत नाही. कोरड्या मशीनने पाणी ओढणे हाही तसाच आत्मघात.

पिशवी पाऊण भरली की रिकामी करावी. कापडी असेल तर अंगणात झटकावी, कागदी असेल तर टाकून द्यावी. कागदी पिशवी धुऊन वापरण्याची काटकसर मोटारीच्या पैशाने होते. धुण्याजोगा फिल्टर मात्र जरूर धुवावा, पण चोवीस तास सावलीत वाळवूनच बसवावा. कूलर चालतो त्या खोलीत तो वाळत नाही, पावसाळ्यातही नाही. ओल्या फिल्टरवर धुळीचा चिखल होतो.

वीज हा आपला वेगळा विषय. हजार-बाराशे वॅटचे मशीन टेबलफॅनच्या बारीक वायरीच्या एक्स्टेन्शनवर लावू नये, आणि घरातल्या लहान इन्व्हर्टरवर तर नाहीच. प्लग काढताना वायर ओढू नये, हे मुलांना सांगावे. मोठ्यांनाही.

मशीन अधूनमधून थांबू लागले, आत जास्त ठिणग्या दिसल्या, तर बऱ्याचदा कार्बन झिजलेले असतात. हे दोन लहान तुकडे झिजण्यासाठीच असतात आणि वेळीच बदलले तर मोटार वाचते. मेकॅनिक "मोटार गेली" म्हणाला, तर "कार्बन पाहिले का?" एवढे विचारावे. सुटे भाग मिळत नाहीत हे उत्तर हल्ली गप्प बसून ऐकायचे कारण नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती कंपन्यांनी तिथे द्यावी, असा त्यामागचा हेतू.

दिवाळी सरली की पिशवी रिकामी करून मशीन ठेवावे. धुळीने भरलेली पिशवी वर्षभर आत राहिली तर ओल धरते. तिच्यात खाण्याचे कण असले तर उंदीर येतो, आणि पिशवीपर्यंत जाताना तो नळी कुरतडतो. नळी घडी घालून दाबू नये, मोठ्या वेटोळ्याने खुंटीला टांगावी. वहिनींनी ती देवघरामागच्या खुंटीला टांगली आहे. सासूबाईंच्या खोलीत आता दर बुधवारी मशीन चालते.